पहारीचा, सुरुंगाचा आणि सोडून द्यायचा

दुष्काळ पडला की लोकांचे चेहरे उतरतात. माझा उजळायचा. हे तेव्हा कुणाजवळ बोलायची सोय नव्हती, आता सांगायला हरकत नाही. बीड जिल्ह्यातल्या खडकांचे थर शोधायचे, त्यांची जाडी मोजायची, त्यांना क्रमांक द्यायचे आणि नकाशावर रंगवायचे, हे माझं काम होतं. जमिनीच्या पोटातला खडक बघायचा तर विहिरीसारखी दुसरी सोय नाही. पण भरलेल्या विहिरीत काय दिसणार? बेडूक. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, विहिरी एकामागून एक तळाला गेल्या आणि माझ्यासाठी जिल्हाभर दारं उघडली. गावकरी कोरड्या विहिरीकडे बघून कपाळाला हात लावायचे, आणि मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे.

मी सव्वीस वर्षांची होते, नोकरीला दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या ऑफिसात हातोडा घेऊन हिंडणारी मी एकटीच बाई. वरिष्ठांनी मला बालाघाटाच्या डोंगरात पाठवलं ते ‘चार दिवसांत रडत परत येईल’ या आशेनं. मी काही रडले नाही. उलट रोज एक पाच पानी अहवाल पाठवून त्यांनाच रडकुंडीला आणलं.

आमच्याकडचा खडक समजायला तसा अवघड नाही. टोपलीत भाकऱ्यांची चवड असते तसे एकावर एक थर. प्रत्येक थर खालच्या अंगाला काळाकुळकुळीत, टणक. वरच्या अंगाला भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे. आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटेच्या रंगाची तांबडी पट्टी. पाणी साठतं ते त्या पट्टीच्या आसपास, थरांच्या सांध्याला. काळ्या टणक खडकात पाणी शोधणं म्हणजे माझ्या वरिष्ठांच्या तोंडून शाबासकी शोधणं. एवढं कळलं की निम्मं शास्त्र आलं. उरलेलं निम्मं म्हणजे या थरांना बोजड नावं द्यायची, आणि त्यात मी पटाईत होते.

नारायणगडाच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून दोन कोस आत, तीसेक घरांची एक वस्ती होती. सगळी ऊसतोडीला जाणारी माणसं. दिवाळी झाली की ट्रक यायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे सगळे कोयते ट्रकमध्ये बसून सहा महिन्यांसाठी पश्चिमेकडं निघून जायचे. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री. त्या वर्षी मात्र वस्तीनं डोकं चालवलं आणि आपली एक सहकारी पाणी संस्था काढली. संस्थेकडं शिक्का होता, पत्र्याचा बोर्ड होता, ठरावांची वही होती. फक्त पाणी नव्हतं. सगळ्यांची मिळून एक विहीर खोदायची, तिच्या खोदाईचं काम वस्तीतल्याच माणसांना मिळणार, म्हणजे त्या वर्षी कोयता घेऊन कुठं जायला नको, असा त्यांचा हिशेब होता. मंजुरीला एकच कागद कमी पडत होता. इथं खाली पाणी आहे, असा माझा दाखला.

संस्थेचे चेअरमन मला घ्यायला रस्त्यापर्यंत चालत आले. काटकुळा माणूस, डोक्याला टॉवेल, चेहऱ्यावर कायम आताच कुणाची तरी खोड काढून आल्याचा भाव. “मीच चेअरमन,” ते म्हणाले. “गाडी न्हाई, खुर्ची न्हाई, पर चेअरमन हाय.” मला माणूस आवडला. मी त्यांना माझ्या वहीतले थर समजावून सांगितले, एक ते सात, पोटभेदांसह. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, इतके कशाला? खडक तीनच. पहारीचा, सुरुंगाचा आन् सोडून द्यायचा.”

मी हसले, पण आतून जरा दुखावलेच. दीड वर्षाचं माझं वर्गीकरण त्यांनी तीन शब्दांत गुंडाळलं होतं. त्यातून ते खरं होतं, हे जास्त झोंबलं. पहारीनं फुटतो तो भोकाभोकांचा, सुरुंगाशिवाय हलत नाही तो काळा, आणि सुरुंगालाही दाद देत नाही तिथं माणसं विहीर सोडून घरी जातात. शास्त्रात हा तिसरा वर्ग नाही, खरं तर हवा.

चेअरमनांची बायको मला आधी भेटली होती, वस्तीशेजारच्या रोजगार हमीच्या कामावर. खडी फोडत बसलेल्या बायकांच्या रांगेत ती होती. मी तिथं एका खडकावर हातोडा मारून मुठीएवढा तुकडा काढला, पुसला, जिभेला लावून बघितला. थर ओळखायला आम्ही खडक चाटतो, त्यात विशेष काही नाही. पण रांगेत हसण्याची अशी लाट उठली की मुकादम धावत आला.

“सरकार जेवाया देत न्हाई का तुमाला?” ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या तुकड्याकडं बघत, “तुमी दिसाला एक फोडता तर बाई. आमी ढीग फोडतो, आमाला कोण बाई म्हणत न्हाई.”

मी तो तुकडा पिशवीत टाकला आणि त्यावर क्रमांक लिहिण्यात फार गुंतल्यासारखं केलं. तिला चौथा महिना चालू होता हे मला नंतर कळलं, तिनंच सांगितलं, जसं कुणी पावसाचं सांगावं तसं. फाल्गुनात बाळ होणार होतं. आधीची दोन्ही उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत झाली होती. “तिसरं घरी होऊ द्या म्हणून हे संस्थेचं खूळ,” ती म्हणाली. “चेअरमन माझ्यामुळं झालेत, सांगतात मात्र लोकांनी केलं.”

वस्तीत एक जुनी विहीर होती, कोरडी ठणठणीत. ठरलेल्या दिवशी मी तिच्यात उतरणार होते. उतरायचं म्हणजे बाजेला चार कोपऱ्यांना दोर बांधायचे, बाजेवर मी, माझ्या मांडीवर वही, कमरेच्या पट्ट्यात हातोडा, आणि वर आठ माणसं दोर सोडत. खाली जाताना मी एकेक थर मोजायचे आणि ‘थांबा’ म्हणून ओरडायचे. गावातल्या झाडून सगळ्या बायका काठावर जमायच्या. बाज जरा कलली की वर कुणीतरी हमखास म्हणायचं, “धरा रं, सरकारी हाय.”

त्या दिवशीही तसंच. पंधरा फूट मुरूम, मग भोकाभोकांचा, मग काळा. तीस फुटांवर मी वर बघून ‘थांबा’ म्हणाले आणि खाली बघितलं. खाली पाणी होतं.

आदल्याच आठवड्यात तहसिलीतला माणूस येऊन ही विहीर कोरडी असल्याची नोंद करून गेला होता. त्याच नोंदीवर वस्तीला टँकर चालू झाला होता. आणि आता तळाला टीचभर नाही, चांगलं घोटाभर पाणी, तेही काळ्या टणक खडकात, जिथं केसाएवढी भेग नव्हती. भिंती कोरड्या, त्यावर धूळ. फक्त एका बाजूनं वरपासून खालपर्यंत ओला ओघळ. मी बाज आणखी खाली घ्यायला सांगितली, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. टँकरच्या पावडरीचा भपकारा. पाण्यावर तेलाचा तवंग. आणि तळाशी, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, चहाची गाळणी.

खडकाच्या पोटात गारगोट्या सापडतात, स्फटिक सापडतात. चहाची गाळणी कुठल्याही थरात नोंदवलेली नाही. मी ती उचलली आणि ‘ओढा’ म्हणाले.

वर आले, काठावर उतरले. मी गाळणी वर धरली. “ही कुणाची?” आठही दोरवाले आकाशाकडं बघायला लागले, जणू तिकडून ढग येणार होते. चेअरमन टॉवेलनं तोंड पुसत होते, पुसतच राहिले. शेवटी त्यांची बायको पुढं आली.

“माझी हाय,” ती म्हणाली आणि माझ्या हातातून गाळणी घेतली. “हांड्यात राहिलती.”

मग सगळं बाहेर आलं. सरकार ज्याच्याकडं असतं त्यालाच देतं, एवढा अनुभव वस्तीच्या गाठीशी होता. टँकर मिळवायला विहीर कोरडी दाखवली ते जमलं होतं. मग नवी विहीर मिळवायला जुनी ओली दाखवली की तेही जमेल, असा चेअरमनांचा तर्क. आदल्या दिवशी टँकर येऊन गेला होता. सकाळी घराघरातून हंडे, कळश्या, पिंपं आणून सगळं पाणी विहिरीत ओतलं होतं. ठरावाच्या वहीत तसा ठरावही घेतला होता, सर्वानुमते. सहकारावर त्यांची निष्ठा होती, हे मान्य करायलाच हवं.

“चेअरमन, तुम्ही मला फसवलंत,” मी म्हणाले.

“फसवलं कुठं, बाई? थोडी मदत केली. तुमाला पाणी पायजे होतं, आमी दाखवलं.”

दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. आज मीही हसते, एकटी असले तरी. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला राग खोट्याचा नव्हता. मला, या जिल्ह्याचे सात थर पोटभेदांसह ओळखणाऱ्या बाईला, हंडाभर पाण्यानं गंडवता येईल असं या माणसांना वाटलंच कसं, याचा राग होता. घसा सुकला होता. मी पाणी मागितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक घरात जाऊन आली, दुसरी गेली, तिसरीनं तांब्या उलटा करून दाखवला. तीस घरांत मिळून घोटभर पाणी नव्हतं. शेवटी विहिरीत बादली सोडून माझ्यासाठी तांब्याभर काढलं आणि फडक्यातून गाळून दिलं.

मी ते प्यायले. पुढचा टँकर तीन दिवसांनी होता. हे मला माहीत होतं, त्या क्षणी डोक्यात आलंही होतं, पण रागावलेल्या माणसाला बाकीचं कळूनही न कळल्यासारखं असतं. चेअरमनांची बायको माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आली. “बाई,” ती म्हणाली, “ह्या वर्सी मला जायचं न्हाई. ट्रक याच्या आत तुमचा कागद द्या. खोटा नका देऊ, पर बिगी द्या.”

मी तिला सरकारी आवाजात सांगितलं की शास्त्रीय पाहणी पूर्ण झाल्याशिवाय दाखला देता येत नाही. तो आवाज मी आमच्या वरिष्ठांकडून शिकले होते. माझ्या तोंडी तो इतका शोभेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग मी पाहणी पूर्ण केली. काय पूर्ण केली म्हणून सांगू! नारायणगडाच्या माथ्यापासून सुरुवात केली आणि तांबडी पट्टी पकडून ओढ्याओढ्यानं, बांधाबांधानं उतरत पार उमापूरच्या बाजूला, गोदाकाठच्या काळ्या मातीत थर बुडून दिसेनासे होईपर्यंत गेले. सत्तर विहिरी उतरले. एका गावात बाजेऐवजी मला मोठ्या टोपलीत बसवलं आणि टोपलीचं बूड निसटायला आलं तेव्हा वरून कुणीतरी विचारलं, “बाई, आदी तुमाला काढू का वहीला?” एका बागाईतदारानं त्याच्या विहिरीत पाणी असल्याचं तहसिलीला कळू नये म्हणून विहिरीवर कडब्याची गंजी रचली होती, ती मी हलवायला लावली, आणि पाणी बघून झाल्यावर माणुसकी म्हणून परत रचू दिली. थर सातचे नऊ झाले. मी खुशीत होते. राग कधीच निवला होता, पण आता मला नकाशाची चटक लागली होती, आणि ही चटक रागापेक्षा वाईट.

आता खरं सांगते. वस्तीच्या विहिरीची जागा मला पाहणीच्या तिसऱ्याच दिवशी कळली होती. वस्तीच्या खालच्या अंगाला ओढ्यानं दरड कापली होती, तिथं तांबडी पट्टी उघडी पडली होती. तिचा उतार बघितला, पावलं मोजली, आणि गायरानातल्या एका बाभळीशी येऊन थांबले. इथं खाली पंचेचाळीस फुटांवर सांधा येणार, पाणी लागणार, हे मला तेव्हाच लख्ख कळलं. एका पानाचा दाखला त्याच दिवशी, त्याच बाभळीखाली बसून लिहिता आला असता. पण मला नुसतं पाणी सांगायचं नव्हतं. मला असा अहवाल द्यायचा होता की तो वाचून वरिष्ठांची वाचा बसावी, आणि चेअरमनांनाही कळावं की खडक तीन नसतात, नऊ असतात. पुढचे अठरा दिवस मी त्यासाठी घेतले.

अहवाल सुरेख झाला. नऊ रंगांचा नकाशा, छेद, तक्ते. वरिष्ठांची वाचा खरोखरच बसली. तो समजून घ्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले. मग कागद फिरत फिरत मंजुरी आली आणि मी ते पत्र स्वतःच्या हातानं द्यायचं म्हणून जीप घेऊन निघाले. वस्तीच्या फाट्यावर समोरून ट्रक येत होते. तीन ट्रक, गच्च. कोयते, पातेली, कोंबड्या, माणसं. दुसऱ्या ट्रकच्या फळीवरून चेअरमनांनी मला ओळखून टॉवेल हलवला. मी पत्र हलवलं. ट्रक थांबत नसतात. बायको टपाशी पाठ लावून बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं की नाही ते धुळीत कळलं नाही.

विहीर खोदली ती मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि तेलगावकडून बोलावलेल्या खोदणाऱ्यांच्या टोळीनं. मी अधूनमधून जायचे. मुरूम, भोकाभोकांचा, काळा, सगळे थर मी लिहिले होते त्या क्रमानं येत गेले. चव्वेचाळीस फुटांवर तांबडी पट्टी दिसली आणि सांध्यातून पाणी आलं, बोटाएवढ्या धारेनं, मग मनगटाएवढ्या. माझा अंदाज एका फुटानं चुकला होता. म्हाताऱ्यांनी नारळ फोडला, मला खोबरं दिलं. वस्तीत हंडा भरून न्यायला सात-आठ माणसं होती.

चैत्रात ट्रक परतले. दोन दिवसांनी मी गेले, उगाचच, विहिरीची पातळी मोजायच्या निमित्तानं. पाणी चांगलं पंधरा फूट चढलं होतं. चेअरमन काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विहीर दाखवत होते. “खडक नऊ हायेत म्हणं,” त्यांनी मला बघून एका पाहुण्याला सांगितलं, “बाईंनी समदे मोजले.” त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

बायको धुणं धूत होती. पलीकडं लिंबाला झोळी बांधलेली, झोळीत मुलगी. मी वाकून बघितलं. इवलंसं काळंसावळं तोंड, झोपलेलं. कुठं झाली, असं विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

“फडात,” ती म्हणाली. “थंडी लई होती त्या रात्री. तिसऱ्या दिशी मोळ्या बांधाया गेलते. गाडी भरायची ऱ्हाते ना.”

मी खूप दिवसांपासून पाठ करून ठेवलं होतं, की माझ्यामुळं उशीर झाला, की मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. ते मी बोलले. सगळं, जसंच्या तसं. ती धुणं आपटायची थांबली नाही. ऐकून घेतलं, पिळून झालेलं लुगडं दगडावर ठेवलं, हात पुसले.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी तुमचं काम लई नीट केलं, बाई.”

ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी परतवला असता, टोमण्यांत मी कुणाला हार गेले नव्हते. मी मान हलवली, टेप काढली आणि पाण्याची पातळी मोजून वहीत लिहिली.